चोरलेली फांदी

मनीप्लँटची वेल विकत घेऊ नये, मागूनही आणू नये. ती चोरून आणली तरच घरात पैसा येतो, असा समज आपल्याकडे अनेक घरांत आढळतो. एरवी दुसऱ्याच्या दमडीलाही हात न लावणारी माणसे ही चोरी हसत हसत सांगतात. 1994 साली, इंदूरला असताना, शेजारच्या बाईंच्या व्हरांड्यातून मीही एक फांदी खुडून पदराआड लपवली होती.

यात वावगे ते काय, असे आपण विचाराल. हानी म्हणावी, तर काहीच नाही. वेल जेथे खुडावी तेथे खालच्या पेरातून नवा धुमारा फुटतो. आणि खुडलेल्या तुकड्याला एखादे पेर असले, की बाटलीतल्या पाण्यातही त्याला मुळे सुटतात. मग चोरले ते काय?

या वेलीचे मूळ स्थान प्रशांत महासागरातील मोरेआ हे बेट. तिला फुले जवळजवळ येतच नाहीत. फुलण्यास आवश्यक असलेले जिबरेलिन हे द्रव्य ती पुरेसे निर्माण करू शकत नाही, असे 2016 साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनात दिसून आले. फूल नाही म्हणून बी नाही. वारा किंवा पाखरू तिला आपल्या खिडकीशी आणून टाकणार नाही. घरोघरची ही वेल एका हातातून दुसऱ्या हातात जाऊनच पसरली आहे.

त्या बाईंनी मागताच फांदी दिली असती, हे मला ठाऊक होते. किंबहुना म्हणूनच मी मागितली नाही. मागणे म्हणजे क्षणभर लहान होणे आणि पुढे उपकार स्मरणे. ते मला टाळायचे होते. पैशाचा समज हे केवळ निमित्त. चार पाने माझ्या घरी आली, परंतु देण्याचा जो आनंद त्यांचा होता तो मी हिरावून घेतला, आणि त्याची भरपाई दुसरी फांदी नेऊन देऊन होत नाही. पुढे त्यांच्या यजमानांची बदली झाली. कबुली राहून गेली.

ती वेल अद्याप माझ्या दाराबाहेरच्या कठड्यावर आहे. (पैसा आला नाही, हे ओघाने सांगते.) गेल्या पावसाळ्यात समोरची एक मुलगी, इकडेतिकडे पाहत, तिची फांदी खुडताना मला दिसली. दार उघडावे, चांगली दोन पेरांची फांदी कापून तिच्या हाती द्यावी, असे मनात आले. पण ती ओशाळेल, अशी सबब स्वतःला सांगून मी पडद्याआडच उभी राहिले.