पागा आणि गायरान

काशीच्या पंचगंगा घाटावर गंगा, यमुना, सरस्वती, किरणा आणि धूतपापा या पाच नद्यांचा संगम मानला जातो. डोळ्यांना दिसते ती एकटी गंगा; उरलेल्या चार श्रद्धेच्या आधाराने वाहतात. बिंदुमाधवाचे विद्यमान मंदिर औंधच्या पंतप्रतिनिधींनी उभारले, आणि कार्तिकात उजळणारा दगडी दीपस्तंभ अहिल्याबाई होळकरांच्या नावाशी निगडित आहे. ही दोन्ही घराणी ज्या सत्तेच्या विस्तारात मोठी झाली, ती सत्ता घोड्याच्या पाठीवर बसून हिंदुस्थानभर फिरली. तथापि या उंच, अरुंद पायऱ्यांवर घोड्याला जागा नाही. जी भूमी माणसाला मोक्षदायी वाटते, ती त्याच्या जनावराला राहण्याजोगी असेलच असे नाही. घोडे बाळगता यावेत म्हणून शहर सोडून खेड्याकडे जाण्याच्या इच्छेचा नैतिक विचार या विसंगतीपासून सुरू करता येतो.

काशीहून निघून घोड्यांच्या सहवासात पोहोचलेल्या एका मराठी कुटुंबाची कथा सर्वपरिचित आहे. 1818 मध्ये पेशवाई बुडाल्यानंतर दुसरा बाजीराव कानपूरजवळ गंगाकाठी ब्रह्मावर्तास, म्हणजे बिठूरला, राहिला; त्याचे बंधू चिमाजी अप्पा काशीत राहिले. चिमाजी अप्पांच्या आश्रयास असलेल्या मोरोपंत तांबे यांची कन्या मणिकर्णिका काशीत जन्मली, आणि आश्रयदात्याच्या निधनानंतर मोरोपंत बिठूरला गेले. हे स्थलांतर उपजीविकेसाठी होते, घोड्यांसाठी नव्हे. परंतु गल्ल्याघाटांच्या नगरीतून ही मुलगी मोकळ्या मैदानाच्या गावी आली, आणि अश्वारोहण तेथे शिकली. पुढे झाशीची राणी म्हणून जग जिला ओळखते, तिच्या घडणीत या स्थळबदलाचा वाटा नाकारता येत नाही.

बिठूरच्या पागेला राज्य उरले नव्हते. पदच्युत पेशव्याच्या दारातील घोडे गतवैभवाच्या खुणा म्हणून उभे होते. मोहीम संपली, ऐट उरली. वस्तुतः हौसेने पाळलेल्या प्रत्येक घोड्यापुढे हाच प्रश्न उभा असतो: हे जनावर स्वतःच्या अधिकाराने येथे आहे, की धन्याच्या प्रतिमेचे अलंकरण म्हणून? याचे एक उत्तर ‘माझा प्रवास’ या ग्रंथात सापडते. 1857 च्या धामधुमीत झाशीत असलेल्या विष्णुभट गोडसे यांनी राणीच्या अश्वपरीक्षेची हकिगत नोंदवली आहे. दिसायला उमदा असलेला एक घोडा तिने अल्प किमतीचा ठरविला, कारण त्याच्या छातीत दुखापत होती. डौलाला न भुलता आतली इजा ओळखणे म्हणजे घोड्याकडे आरसा म्हणून न पाहणे होय. बिठूरने तिला मैदान दिले. परंतु मैदान मिळाले की ही दृष्टी आपोआप मिळते, असे मात्र नाही.

घोड्याला मानवणारी भूमी हे रम्य निसर्गचित्र नव्हे. हे जनावर दिवसाचा मोठा भाग चरत असते. त्याचे पोट लहान, आतडी नाजूक. तोबऱ्यात चंदी भरली की कर्तव्य संपले, असे समजणाऱ्याच्या ठाणावर पोटशूळ फार दूर नसतो. सतत चिखलात राहिलेला खूर सडतो. कोरड्या, कठीण जमिनीवर चालणारा खूर घट्ट होतो. म्हणूनच अतिपावसाच्या कोकणापेक्षा भीमा-नीरेच्या काठचा पर्जन्यछायेतला माळ घोड्याला मानवला. पवना, मारवेल यांसारखी गवते या माळांनी शतकानुशतके पोसली. भीमथडीची तट्टे या मातीचे अपत्य होत. नीरेकाठच्या होळ गावावरून ज्यांना आडनाव मिळाले ते होळकरही याच मुलखातले. धोरणाने घोडा वाढविण्यापूर्वी भूमीने तो वाढविला होता.

आज शहरातला संपन्न माणूस कोलाहलाला कंटाळून याच माळांकडे वळतो आहे. जमीन घ्यावी, तारेचे कुंपण घालावे, चार घोडे बांधावेत, पहाटे रपेट करावी, असे त्याचे स्वप्न असते. या स्वप्नाची टवाळी करणे अन्यायाचे होईल. जनावराच्या वेळापत्रकाशी स्वतःचे आयुष्य जुळवून घेण्याची तयारी दुर्मीळ आहे. तिच्यात एक प्रकारचा संयम आहे. अशा हौशी माणसांमुळे देशी जातींना आश्रय मिळतो, नालबंदाला काम मिळते, मोतद्दाराची विद्या पुढच्या पिढीपर्यंत पोहोचते. विकत घेतलेल्या जमिनीवर राहण्याचा कायदेशीर हक्क त्याला असतोच.

प्रश्न कायद्यापाशी संपत नाही. ज्याला तो रिकामा माळ समजतो, तो रिकामा नसतो. पावसाळा सरला की धनगरांचे वाडे मेंढ्यांसह कोकणाकडे उतरतात आणि पुढच्या पावसाआधी परततात. त्यांच्या तट्टांच्या पाठीवर अंथरूण-पांघरूण, भांडीकुंडी आणि चालता न येणारी कोकरे असतात. वाटेतला शेतकरी खतासाठी मेंढ्या शेतात बसवतो आणि मोबदल्यात धान्य वा पैसे देतो. गायरान, पाणवठा, बांधावरची वाट यांवर ही व्यवस्था टिकलेली असते, आणि तिचा बराचसा भाग कोणत्याही खरेदीखतात लिहिलेला नसतो. 2011 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने गावांच्या सामाईक जमिनींवरील अतिक्रमणे हटविण्याचा आदेश राज्यांना दिला. पण पिढ्यान्‌पिढ्यांच्या वहिवाटीने पडलेली पायवाट खासगी कुंपणाआड गेली, तर तिच्यासाठी दाद मागणारा बहुधा पुढच्या मुक्कामाला निघून गेलेला असतो. घोड्यांवर प्रेम करणारा एक माणूस गावात येतो आणि घोड्यांवाचून ज्याचे बिऱ्हाड हलत नाही, अशा दुसऱ्याची वाट बंद होते. यात कोणाचाही हेतू दुष्ट नसतो. म्हणूनच हा प्रश्न नीतीचा आहे. दुष्टाव्याला कायदा पुरतो, अजाणतेपणाला विवेकच लागतो.

मराठी लष्करी परिभाषेत स्वतःच्या घोड्यावर चाकरी करणारा तो शिलेदार, आणि सरकारी घोड्यावर स्वार होणारा तो बारगीर. शिलेदाराला घोड्याचा अभिमान बाळगता येतो. बारगिराला घोडा कधीतरी परत करावयाचा आहे याचे भान ठेवावे लागते. खेड्यात जाणारा अश्वप्रेमी घोड्याचा शिलेदार असू शकेल. भूमीचा मात्र तो बारगीरच असतो, सातबाऱ्यावर त्याचे नाव कितीही ठळक असो. हे भान असेल तर कुंपणात एक फाटक राहते, विहिरीवर दुसऱ्याच्या तट्टालाही पाणी मिळते, आणि येणाऱ्याच्या घोड्याला गाव आपला म्हणते. ते नसेल, तर अस्सल जातीच्या घोड्यांनी भरलेली पागाही बिठूरच्या पागेसारखी ऐटीची खूण होऊन राहते.

पंचगंगेवर स्नान करणारा भाविक दिसणाऱ्या एका नदीत उतरतो, पण नमस्कार पाचही नद्यांना करतो. न दिसणाऱ्या प्रवाहांचे अस्तित्व मान्य करणे हाच त्या तीर्थाचा आचार आहे. नव्या मुलखात घोडा घेऊन जाणाऱ्याने त्या माळावर पाऊल ठेवताना एवढा आचार पाळला, तरी पुष्कळ झाले.