अनोळखी नदी आणि थंडीचे दिवस

वाचन : लूक ५:१-११, योहान २१:१-१४



गेल्या पौष महिन्यांत मंडळ्यांच्या भेटीसाठीं मी वेळापुरास पंधरा दिवस राहिलों होतों. अर्धनारीनटेश्वराच्या प्राचीन देवळामुळें व आषाढांत आळंदीची पालखी तेथें मुक्काम करिते म्हणून हें गांव सर्वांस ठाऊक आहे. हिवाळ्यांत मात्र रस्त्यावर वारकरी नसतात. दिसतात त्या उसाच्या गाड्या. गांवाच्या उत्तरेस अकलूजकडून नीरा वाहत येते व पुढें नरसिंहपुरापाशीं भीमेस मिळते. मला लहानपणापासून गळाचा नाद आहे. (तो उपदेशकास शोभतो कीं नाहीं याविषयीं आमच्या घरींच दोन मतें आहेत.) मी प्रवरेकांठीं वाढलों, आणि मासे धरण्यास जें ज्ञान लागतें तें माझ्यापाशीं पुरेसें आहे अशी माझी समजूत होती.

पहिल्या दिवशीं उजाडण्यापूर्वीं नीरेवर गेलों. प्रवरेवर उन्हाळ्यांत आम्ही असेच जात असूं. जाड दोरी, मोठा गळ, त्याला भरपूर गांडूळ, आणि जेथें पाणी खळखळतें ती जागा. सूर्य हातभर वर येईपर्यंत दोरी हालली नाहीं. दुसऱ्या दिवशीं तसेंच झालें. तिसऱ्या दिवशीं मीं मनांत ठरवून टाकलें कीं, या नदींत मासाच उरलेला नाहीं.

परत निघालों तों एक वृद्ध भोई आपलें जाळें खांद्यावर टाकून येत होते. माझी रिकामी पिशवी पाहून ते हंसले नाहींत, हा त्यांचा मोठेपणा. ते म्हणाले, "मास्तर, मासा हाय. पर थंडीचा त्यो खाली डव्हात बसतोय. आता त्याला भूक न्हाई. जेवून या दुपारचं."

मी दुपारीं गेलों. बाबांनीं माझी दोरी पाहून मान हालविली व आपली बारीक दोरी दिली. गळ लहान, त्यावर कणकेची गोळी हरभऱ्याच्या निम्म्याएवढी. आणि त्यांनीं मला उठवून दुसरीकडे बसविलें, कारण माझी सावली पाण्यावर पडत होती. पावसाळ्याचा गाळ बसून गेल्यावर हिवाळ्यांत पाणी नितळ होतें; जसा आपल्याला मासा दिसतो तसा माशालाही आपण दिसतों. माशाच्या अंगाला स्वतःची ऊब नसते. पाणी जितकें गार, तितका तो गार. गारव्यानें त्याचें अन्न सावकाश पचतें, म्हणून भूकही मंद होते. पहांटे तो खोल डोहांत स्वस्थ राहतो व दुपारीं उन्हानें कांठचें पाणी कोमट झालें म्हणजे हळूच वर येतो. त्या दुपारीं मला तीन चिलापी मिळाल्या. फार नव्हेत, पण त्याच नदींतल्या, जी मीं सकाळीं ओसाड ठरविली होती.

आतां शास्त्राकडे वळूं. लूकाच्या पांचव्या अध्यायांतील शिमोन माझ्यासारखा पाहुणा नव्हता. गनेसरेत सरोवर त्याच्या घरचें पाणी होतें. तें सुमारें २१ किलोमीटर लांब व १३ किलोमीटर रुंद आहे, आणि त्याची खडान्‌खडा माहिती त्यास असणार. तरी रात्र फुकट गेली होती. त्या काळचीं जाळीं जवसाच्या वाखाच्या सुताचीं असत. तीं दिवसाउजेडीं माशांना दिसत, म्हणून तीं रात्रीं टाकावयाचीं व सकाळीं धुऊन वाळवावयाचीं हा रिवाज. शिमोन जाळें धूत होता तो यासाठींच. अशा वेळीं नासरेथाचा, म्हणजे सरोवरापासून दूर डोंगरांतल्या गांवचा, एक सुतार त्याला भर दिवसा खोल पाण्यांत जाण्यास सांगतो! धुतलेलें जाळें पुनः भिजवावयाचें, तेंही कांठावर सगळा गांव पाहत असतां. शिमोनानें आपली अडचण प्रभूजवळ बोलून दाखविली, लपविली नाहीं. आणि मग जाळें सोडलें.

कोणी म्हणेल कीं, शिमोनाला परक्यानें शिकविलें व तुम्हांस तेथल्याच माणसानें, मग दोहोंचा मेळ कसा? मला वाटतें, दोघांचाही अडथळा एकच होता. शिमोनाला आपल्या कसबाचा भरंवसा होता, व मला माझ्या प्रवरेचा. दोघांनाही आपली रीत बाजूस ठेवून दुसऱ्याचें ऐकावें लागलें. कर्नल साईक्स नांवाच्या इंग्रज अधिकाऱ्यानें दख्खनच्या नद्यांतील माशांचा अभ्यास केला. १८३९ सालीं त्यानें कित्येक माशांना शास्त्रीय नांवें दिलीं तेव्हां येथल्या लोकांच्या तोंडचीं नांवेंच त्यांत घेतलीं. आपली शिंगटी त्यामुळें जगाच्या ग्रंथांत शिंगटी म्हणूनच नोंदली गेली. नदी परकी होती, म्हणून त्यानें नदीवरच्या माणसांस विचारलें.

हें सर्व मी कां सांगतों तें आतां सांगतों. वेळापुरापासून थोड्या अंतरावरील एका वस्तींत एक तरुण उपदेशक दोन वर्षांपासून काम करीत आहेत. मी त्यांच्या घरीं गेलों तेव्हां त्यांनीं शास्त्राच्या पुस्तकांतून एक कागद काढून माझ्या हातीं दिला. तो राजीनामा होता. ते म्हणाले, "गुरुजी, माझ्या गांवीं पहांटेच्या प्रार्थनेला घर भरून लोक येत. येथें मी रोज घंटा वाजवितों, आणि येतात दोन म्हाताऱ्या. या लोकांचीं अंतःकरणें थंड आहेत."

मी तो कागद वाचून परत दिला. मला लाज वाटली, कारण नीरेविषयीं मीही हेंच म्हणालों होतों. मग मीं विचारलें, "पहांटे हे लोक कोठें असतात?" ते गप्प राहिले. कार्तिकापासून फाल्गुनापर्यंत त्या वस्तींतील बहुतेक घरें ऊसतोडीस जातात. पहांटे अंधारांत कोयता घेऊन निघावयाचें, दिवसभर तोडावयाचें, मोळ्या बांधावयाच्या, गाडी भरावयाची, आणि रात्रीं अंग टेकावयाचें. मुलेंही बरोबर जातात. जी घंटा त्यांच्या गांवीं लोकांना बोलावीत असे, ती येथें रिकाम्या घरांवर वाजत होती. तीं माणसें थंड नव्हतीं. थकलेलीं होतीं, व दुसरीकडे होतीं.

येथें उपदेशकबंधूंसाठीं एक गोष्ट मुद्दाम लिहितों. माणसें धरणें या शब्दांचा आपल्यांतील कांहींजण चुकीचा अर्थ करितात. गळानें धरलेला मासा मरतो. शुभवर्तमानांत गळाचा उल्लेख एकदांच आहे, मत्तयाच्या सतराव्या अध्यायांत, आणि तोही कर भरण्यासाठीं लागणाऱ्या नाण्याकरितां. लूकानें प्रभूच्या तोंडीं जो ग्रीक शब्द घातला आहे त्याचा अर्थ जिवंत धरणें असा आहे. आमिष दाखवून, कांहीं देऊं करून, भीति घालून जें होतें तें या शब्दांत बसत नाहीं.

त्या चिलापीविषयींही सांगावयाचें राहिलें. हा मासा मूळचा आफ्रिकेचा. १९५२ सालीं तो भारतांत आणला गेला, आणि आज भीमेच्या पाण्यांत तो इतका माजला आहे कीं जुने मासे कमी झाले अशी भोई लोकांची तक्रार आहे. ती मला खरी वाटते. पण गालीलाच्या सरोवरांतील ज्या माशाला लोक पेत्राचा मासा म्हणतात, तो याच कुळांतला आहे. कफर्णहूमाजवळ ताबघा येथें कोमट पाण्याचे झरे सरोवरांत उतरतात, आणि हिवाळ्यांत हे मासे ऊब शोधीत तेथें गोळा होतात. उत्तरेस हिमाचलाच्या बर्फाळ नद्यांत ट्राउट नांवाचा विलायती मासा आहे. पिसांची खोटी माशी बांधून त्याला धरतात. तेथें नोव्हेंबरपासून फेब्रुवारीपर्यंत ही मासेमारी बंद असते, कारण मासा त्या थंडींत अंडीं घालतो. वरून पाहणाऱ्याला नदी मेलेली वाटते.

योहानाच्या एकविसाव्या अध्यायांत पुनः एक रिकामी रात्र आहे. या वेळीं १५३ मोठे मासे मिळाले व जाळें फाटलें नाहीं. परंतु शिष्य कांठावर उतरले तेव्हां निखाऱ्यांवर मासळी व भाकर आधींच तयार होती. त्यांनीं धरलेले मासे तेथें पोहोंचण्यापूर्वींच प्रभूनें रात्रभर जागलेल्या, भुकेल्या माणसांसाठीं न्याहारी रांधली होती.  बंधूंनो, वर्षअखेरीचे अहवाल लिहितांना आपण हें वाचावें.

मी त्या तरुणास राजीनामा फाडण्यास सांगितलें नाहीं. दुसऱ्या दिवशीं दुपारीं आम्ही दोघे फडावर गेलों. लोक बांधावर बाभळीखालीं भाकरी सोडून बसले होते. आम्हींही आपल्या सोडल्या. कोणा एकीनें आम्हांस ठेचा वाढला, कोणाच्या मुलाला ताप होता त्याविषयीं बोलणें झालें. प्रार्थना लहानशी झाली, भोईबाबांच्या कणकेच्या गोळीएवढी. मग लोक कोयते घेऊन उठले.

निघण्याच्या दिवशीं निरोप घेण्यासाठीं मी त्या घरीं गेलों. ते घरीं नव्हते. त्यांच्या पत्नी म्हणाल्या, "फडावर गेलेत गुरुजी. आज भाकरी दोन जास्त मागून नेल्या."