घरचा दिवा आणि गावची तार

संकट कधी सांगून येत नाही, हे आपण लहानपणापासून ऐकत आलो. आता ते तितकेसे खरे राहिलेले नाही. समुद्रावर वादळ जन्मास आले की त्याचा वेग काय, दिशा कोणती, ते किनाऱ्यावर केव्हा आदळेल, याचा अंदाज हवामान खाते काही दिवस आधी देते. जे ठाऊकच नव्हते त्याबद्दल माणसाला कोणी दोष देत नाही. परंतु जे ठाऊक झाले त्याची जबाबदारी टाळता येत नाही. तेव्हा प्रश्न असा, की येऊ घातलेल्या संकटाची वार्ता हाती आल्यावर तयारी करावयाची ती कोणासाठी? आपल्या घरापुरती केली म्हणजे कर्तव्य संपते काय?

दि. ३ जून २०२० रोजी दुपारी ‘निसर्ग’ चक्रीवादळ रायगड जिल्ह्याच्या किनाऱ्यावर, श्रीवर्धन-दिवेआगरच्या परिसरात आदळले. श्रीवर्धन हे नाव माळव्यातील मराठी कुटुंबांना परके नाही. बाळाजी विश्वनाथ पेशवे मूळचे तेथले. त्यांचे पुत्र पहिले बाजीराव यांच्या काळात माळव्यात मराठी सत्तेचा पाया घातला गेला आणि होळकर-शिंद्यांच्या मागोमाग आपले पूर्वज इकडे आले. त्या दिवशी तेथे वाऱ्याचा वेग ताशी १०० किलोमीटरहून अधिक होता. पूर्वसूचना मिळालेली होती, हजारो माणसे आधीच सुरक्षित जागी हलविली गेली आणि पुष्कळ प्राण वाचले. पण नारळी-पोफळीच्या वाड्या आडव्या झाल्या, विजेचे खांब कोसळले, आणि कित्येक गावांत वीज परतावयास आठवडे लागले.

वीज जाणे म्हणजे केवळ दिवे जाणे नव्हे. पंप थांबला की नळाचे पाणी थांबते. गिरणी थांबली की घरात गहू असूनही पीठ नसते. मोबाइलचा मनोरा मुका झाला की शेजारच्या गावी कोण जिवंत आहे हेही कळत नाही. ज्या घरी मेणबत्त्या, कोरडा शिधा आणि पाण्याचे पिंप भरून ठेवलेले असते, ते घर चार दिवस निभावते; पाचव्या दिवसापासून तेही खांब उभा करणाऱ्या हातांची वाट पाहू लागते.

आमचे सांवेर समुद्रापासून शेकडो किलोमीटर दूर. इंदूर-उज्जैन मार्गावरच्या या गावी वादळांचे फार तर उरलेसुरले ढग येतात. पण अंधाराशी या गावाची ओळख जुनी आहे. १ नोव्हेंबर २००० रोजी छत्तीसगड वेगळे झाले, कोरब्याची वीजकेंद्रे त्या राज्यात गेली, आणि पुढील काही वर्षे मध्य प्रदेशाने विजेची मोठी टंचाई सोसली. २००३ ची विधानसभा निवडणूक ‘बिजली, सडक, पानी’ या तीन शब्दांवर लढविली गेली, हे वाचकांस आठवत असेलच. गव्हाला पाणी द्यावयास शेतकरी पौषाच्या थंडीत मध्यरात्री उठून शेतावर जाई, कारण वीज तेव्हा येई. त्याच काळात आपल्यासारख्या सुस्थितीतील घरांत इन्व्हर्टर आला. प्रथम त्याचे अप्रूप वाटले. पुढे तो घरातील साधे सामान होऊन बसला.

यात गैर ते काय, असे कोणी विचारील. आमचे उत्तर, काहीच नाही. घरातील वृद्धांची, मुलांची सोय पाहणे हा गृहस्थाचा पहिला धर्म आहे. तहान लागल्यावर विहीर खोदणारा अखेरीस शेजाऱ्याच्याच दारी घागर घेऊन उभा राहतो. म्हणून स्वतःची तयारी ठेवणे हा शेजाऱ्यावरचा भार हलका करणेच होय.

प्रश्न त्यापुढचा आहे. इन्व्हर्टर नव्हता तेव्हा वीज गेली की सारी गल्ली ओट्यावर येई. कोणी तार तुटली काय ते पाहून येई, कोणी वीज कार्यालयाकडे जाई, आणि ज्याच्या शब्दाला वजन असे तो त्या शब्दाचा उपयोग साऱ्या गल्लीसाठी करी. इन्व्हर्टर आल्यावर नेमके अशाच घरांना वीज गेल्याचे कळेनासे झाले. पंखा फिरत राहिला, आणि गल्लीच्या टोकाला असलेल्या घराची तक्रार करावयास त्या घरावाचून कोणी उरले नाही. शिवाय इन्व्हर्टर वीज निर्माण करीत नाही. त्याची बॅटरी भरते ती गावच्याच तारेवरून, आणि वीज परतताच सगळ्या बॅटऱ्या एकदम भरू लागतात तेव्हा त्याच रोहित्रावर अधिक भार पडतो. ज्याला आपण आपला साठा म्हणतो तो सामाईक ठेव्यातून उचललेला असतो.

हेच मोठ्या प्रमाणावर कसे घडते ते ३० जुलै २०१२ च्या पहाटे दिसले. बीना-ग्वाल्हेर वाहिनी भाराने बंद पडली आणि उत्तर भारताचे वीजजाळे कोसळले. दुसऱ्या दिवशी पूर्व आणि ईशान्य भारताची जाळीही त्याच्याबरोबर गेली. सुमारे ६० कोटी लोकांना त्याची झळ पोचली. काही राज्यांनी आपल्या वाट्याहून अधिक वीज ओढली, हे त्यामागील एक कारण होते. त्या वर्षी पाऊस लांबला होता, शेतांत पंप चालू होते. प्रत्येकाला आपापल्या माणसांचे हितच साधावयाचे होते. मात्र प्रत्येकाने थोडे थोडे अधिक घेतल्याने कोणालाच काही मिळेनासे झाले.

उलट उदाहरण ओडिशाचे. २९ ऑक्टोबर १९९९ च्या महाचक्रीवादळात तेथे सुमारे १०,००० माणसे दगावली. त्यानंतर किनाऱ्यावर निवारे बांधले गेले, गावोगावी स्वयंसेवकांना शिकविले गेले, आणि ऑक्टोबर २०१३ मध्ये ‘फायलिन’ आले तेव्हा सुमारे १० लाख लोकांना आधीच हलविले गेले. मृतांची संख्या काही दहांवर थांबली. एकेकट्या घराने कितीही शिधा साठविला असता तरी हे साधले नसते. गाव करी ते राव न करी, असे आपल्याकडे म्हणतात ते उगीच नव्हे.

हे सारे सरकारचे काम, असा आक्षेप येईल. आयुष्य राज्य सरकारच्या नोकरीत काढलेले आम्ही तो नाकारणार नाही. परंतु सरकारला काय दिसते आणि काय दिसत नाही, हेही आम्ही जवळून पाहिले आहे. पावसाळ्यापूर्वी तहसिलीत सखल वस्त्यांची, होड्यांची, पोहणाऱ्यांची यादी होते. कोटवार गावात मुनादी देतो. मात्र कोणाला ऐकू येत नसल्याने मुनादी वाया जाते, कोणाचे इन्सुलिन फ्रिजमध्ये ठेवावे लागते, कोणाचा श्वास यंत्रावर चालतो, हे त्या यादीत नसते. ते शेजाऱ्याला ठाऊक असते. निदान असावयास हवे. पूर्वी एका वाड्यात चार बिऱ्हाडे नांदत, तेव्हा ही माहिती न विचारता मिळे. आता वाडे पडले, मुले पुण्याला, बंगलोरला, परदेशी गेली, आणि आपल्यापैकी अनेक घरांत एकटेच वृद्ध राहतात.

सांवेरला मारुतीची उलटी मूर्ती आहे. अहिरावणाने राम-लक्ष्मणांना पाताळात नेले तेव्हा त्यांना सोडवावयास मारुती डोके खाली करून तेथे उतरला, अशी तिची कथा सांगतात. मारुती स्वतः वर उजेडात सुरक्षितच होता. त्याला अंधारात उतरावयाचे कारण एवढेच, की ज्यांची त्याला काळजी होती ते खाली होते.

तेव्हा इन्व्हर्टर असावा, मेणबत्त्या असाव्यात, पाण्याचे पिंपही भरलेले असावे. त्याबरोबर वीज गेल्यावर आपला पंखा फिरत असतानाही एकदा ओट्यावर येऊन गल्लीत अंधार कोठे आहे ते पाहावे, आणि वीज कार्यालयाकडे पहिली तक्रार आपणच नोंदवावी. पुढचा पावसाळा येण्यापूर्वी आपल्या गल्लीतील एकट्या, आजारी, अपंग माणसांची नावे वाचकांनी एका कागदावर लिहून काढावीत, आणि त्यांतील प्रत्येक दारी एकदा जाऊन यावे.