आम्ही टोळ, असे कोणी ठरविले?



सन २०२३ मध्ये शेलाह लेखा हा पाराशा आमच्या वाट्याला दोनदा आला. शाबुओथचा दुसरा दिवस शब्बाथला आला की इस्राएलबाहेरचे यहूदी तोराच्या वाचनात आपल्यामागे एक आठवडा पडतात, हे आपणांपैकी पुष्कळांना ठाऊक आहे. त्या वर्षी तसेच झाले होते. १० जूनला अश्दोदच्या सिनेगॉगमध्ये हा पाराशा ऐकून आम्ही व आमची मंडळी विमानात बसलो, आणि १७ जूनला टोकियो शहरातील ओजिमा नावाच्या वस्तीत, मुलीच्या घरी, तोच पाराशा पुन्हा उघडला. शाळेत एकाच इयत्तेत दोनदा बसविलेल्या पोरासारखी आमची स्थिती झाली. पुढे जे घडले त्यावरून आम्हाला तसे बसविणे जरूरच होते, असे म्हणावे लागते.

गोष्ट आपल्या परिचयाची आहे. मोशे रब्बेनूने बारा वंशांचे बारा सरदार कनान देश पाहून येण्यास पाठविले. ते चाळीस दिवस फिरले. द्राक्षांचा घड एवढा मोठा आणला की तो दांडीला अडकवून दोघांना खांद्यावर वाहावा लागला. शिवाय डाळिंबे आणि अंजिरे. देश उत्तम आहे, याविषयी कोणाचे दुमत नव्हते. पण तेथले धिप्पाड लोक आठवून दहा जणांचे हातपाय गळाले. त्यांच्यापुढे आम्ही आम्हालाच टोळासारखे वाटलो, आणि त्यांनाही आम्ही तसेच दिसलो, असे त्यांनी लोकांना सांगितले. लोक रात्रभर रडले, आणि एका दिवसाला एक वर्ष या हिशेबाने चाळीस वर्षे रानात गेली.

आपल्या रब्बींनी मिद्राशात या बोलण्याचे दोन भाग पाडले आहेत. पहिला भाग, आम्ही आमच्या नजरेत टोळ होतो. एवढ्यावर परमेश्वर रागावत नाही. भीती माणसाला वाटायचीच. दुसरा भाग, त्यांच्या नजरेतही आम्ही टोळच होतो. येथे मात्र परमेश्वर जाब विचारतो. हे तुम्हाला कोणी सांगितले? मी तुम्हाला त्यांच्या नजरेत देवदूतांसारखे केले नसेन कशावरून? म्हणजे घाबरणे हा अपराध धरलेला नाही. समोरच्या माणसाच्या डोळ्यांत शिरून, त्याला न विचारता, त्याच्या वतीने स्वतःविरुद्ध निकाल देऊन मोकळे होणे, हा अपराध आहे.

हे सर्व आम्हाला पाठ होते. तरी ओजिमात आम्ही काय केले ते ऐका.

ओजिमा म्हणजे मोठे बेट. टोकियोच्या कोतो वॉर्डातील ही वस्ती. सभोवती नद्या नि कालवे, आणि आजूबाजूची पुष्कळशी जमीन समुद्राच्या भरतीच्या पातळीखाली; बांध, झडपा आणि पंप यांच्या भरवशावर लाखो लोक तेथे निवांत झोपतात. १० मार्च १९४५ च्या रात्री बाँबहल्ल्यात हा सगळा भाग जळून गेला होता. आज तेथे निमसरकारी संस्थेच्या उंच उंच इमारती आहेत. भाड्याने घर घेताना तेथे जामीनदार लागत नाही, त्यामुळे परदेशी माणसाला सोयीचे. सन २००० च्या सुमारास संगणकाच्या कामासाठी आपल्या देशातून पुष्कळ तरुण टोकियोस गेले, ते याच बाजूला स्थिरावले. आमचे जावईही पुढे त्याच कामासाठी तेथे गेले. गंमत अशी की, अश्दोदमध्ये आम्ही मराठीत हाक मारली तर जी मुलगी हिब्रूत ओ द्यायची, ती ओजिमाच्या लिफ्टमध्ये सांगलीच्या शेजारणीशी घडाघडा मराठी बोलते.

तर या मराठी कुटुंबांतील मुले रविवारी दुपारी वसाहतीच्या एका खोलीत जमतात. आईबाप आळीपाळीने बाराखडी शिकवितात, श्लोक, गोष्टी, गाणी होतात. आमची नऊ वर्षांची नातही जाते. आम्ही पोहोचून दोन दिवस झाले नाहीत तोच मुलीने सांगितले, "बाबा, या रविवारी गोष्ट तुम्ही सांगायची. मी कबूल केले आहे."

आम्ही साफ नकार दिला. गुडघा दुखतो, प्रवासाची झोप उतरलेली नाही, अशी कारणे दिली. खरे कारण निराळे होते. आमचे मराठी शिक्षण तेव्हाच्या कुलाबा जिल्ह्यात एस. एस. सी. पर्यंत झाले, आणि सतराव्या वर्षी आम्ही देश सोडला. त्यानंतरची मराठी घरातली, बाजारातली, आणि मायबापांच्या पत्रांतली. समोर पुण्या-नाशिकची शिकलेली मंडळी बसणार. ती म्हणणार, हा कसला मास्तर! शिवाय कोणी विचारणार, यहूदी असून मराठी कसे? चौतीस वर्षे वर्गात उभे राहिलेल्या माणसाला दहाबारा मुलांसमोर जाण्याची धास्ती वाटली. सांगण्यास लाज वाटते, पण तसे झाले.

शब्बाथ आला. टोकियोचे सिनेगॉग हिरो भागात, ओजिमापासून दूर, आणि शब्बाथला आगगाडीत बसायचे नाही, म्हणून घरीच तफिला केली. मुलीने आपल्या पद्धतीप्रमाणे काळ्या मनुकांचे शरबत करून ठेवले होते, त्यावर किद्दुश झाला. जेवणानंतर आम्ही नातीला जवळ घेऊन पाराशा समजावू लागलो. टोळांचा भाग आला. मिद्राश सांगितला. आवाज चढला, बोट वर झाले. "त्या दहा जणांनी राक्षसांना विचारले होते काय? न विचारता कसे ठरविले?"

ताटे उचलता उचलता सौ. म्हणाल्या, "अहो, मग त्या रविवारच्या लोकांना तुम्ही विचारले होते का?"

आमचे बोट वरचे वर राहिले.

त्या दुपारी खिडकीबाहेर जूनचा पाऊस पडत होता. आम्हाला आमच्याच नोकरीतील एक गोष्ट आठवली, जी आजवर आम्ही कोणास सांगितली नव्हती. शिक्षक म्हणून पहिल्या वर्षी गणिताच्या तासाला एका मुलाने आमच्या हिब्रूची नक्कल केली. घशातून काढायचा 'र' आमच्या जिभेवर रेवदंड्याचा 'र' होऊन येई. वर्ग हसला. वर्गाला आम्ही पुढे आटोक्यात आणले, पण शिक्षकांच्या खोलीत आम्ही तोंड मिटले ते मिटलेच. सभेत कधी बोललो नाही. उपमुख्याध्यापकाची जागा देऊ केली गेली, ती प्रकृतीच्या सबबीवर नाकारली. सगळे मनात हसत असतील, असा आमचा हिशेब.

निवृत्तीच्या समारंभात मोरोक्कोहून आलेल्या कुटुंबातील एक सहशिक्षिका आमच्याजवळ आल्या. म्हणाल्या, "इतकी वर्षे आम्हाला तुमची भीती वाटायची. वाटायचे, हा गणितातला हुशार माणूस, आमच्याशी बोलण्यात याला कमीपणा वाटतो."

बंधुभगिनींनो, तीस वर्षांहून अधिक काळ आम्ही त्यांच्यापुढे टोळ, आणि ते आमच्यापुढे टोळ! आमच्या भित्रेपणाला ते गर्व समजत होते. एवढा मोठा हिशेब चुकविणारा माणूस मुलांना बेरीज-वजाबाकी शिकवीत होता.

आता याच शब्बाथची हफ्तारा पाहा, कारण रब्बींनी ती उगीच नेमलेली नाही. रानातली वर्षे सरली. ज्या बारा जणांत यहोशवा होता, त्याच यहोशवाने आता दोन हेर यरिहोस पाठविले. राहाब नावाच्या स्त्रीने त्यांना छपरावर अंबाडीच्या काड्यांखाली लपविले, आणि तिने काय सांगितले? की तुमच्यासाठी समुद्र दुभंगला हे ऐकल्या दिवसापासून आमच्या लोकांच्या काळजाचे पाणी झाले आहे. ऐकल्या दिवसापासून! म्हणजे इकडचे लोक आपण टोळ आहोत म्हणून तंबूत रडत होते, तेव्हा तिकडचे लोक तटाच्या आत थरथरत होते. कोणी कोणास विचारले नाही. मध्ये एक पिढी वाळूत गेली.

कोणी म्हणेल, मास्तर, हे नेहमीच असे नसते. कधी कधी लोक खरोखरच आपल्याला टोळ समजतात. खरे आहे. आपल्या समाजाला हे दुसऱ्या कोणी सांगण्याची गरज नाही. १९६० नंतरच्या वर्षांत या देशात आपल्या मुलामुलींच्या लग्नाच्या वेळी वंशाची चौकशी मागितली गेली. तो मनाचा भास नव्हता; लेखी हुकूम होता. तेव्हा आपल्या वडीलधाऱ्यांनी यरुशलेमात धरणे धरले. बायका-मुलांसह बसले. १९६४ च्या ऑगस्टमध्ये क्नेसेतने बेने इस्राएल हे सर्वार्थाने यहूदी असल्याचे जाहीर केले, आणि हुकूम बदलावा लागला. धरणे धरणाऱ्यांतही भिणारे असतीलच. पण दुसऱ्याने टोळ म्हटले तरी त्यांनी स्वतः त्याखाली सही केली नाही. कालेबही राक्षस लहान आहेत, तट बुटके आहेत, असे काही म्हणाला नाही. आपण चढून जाऊ शकतो, एवढेच म्हणाला.

रविवारी सकाळी पाऊस उघडला, तेव्हा जावई आम्हाला जुन्या नाकागावा नदीच्या काठाने फिरवून आणण्यास निघाले. निळ्या-जांभळ्या फुलांचे मोठाले गुच्छ ठिकठिकाणी फुलले होते. पूर्वेकडे बोट दाखवून ते म्हणाले, तो पलीकडे एदोगावा वॉर्ड. तेथून अंबरनाथचे योगेंद्र पुराणिक हे मराठी गृहस्थ २०१९ च्या एप्रिलमध्ये वॉर्डाच्या सभेवर निवडून आले. ते विद्यार्थी म्हणून प्रथम जपानला गेले, पुढे नोकरीस राहिले, २०१२ साली जपानचे नागरिक झाले. भारतात जन्मलेला माणूस जपानात असा निवडून येण्याची ती पहिलीच वेळ. त्यांचे राजकारण आम्हाला ठाऊक नाही, आणि त्याच्याशी आम्हाला कर्तव्यही नाही. पण निवडणूक ही गोष्ट आम्हाला त्या दिवशी निराळीच दिसली. निवडणुकीला उभे राहणे म्हणजे अनाकाच्या वंशजांकडे जाऊन, मी तुम्हाला कसा दिसतो, असे चक्क विचारणे! सुमारे साडेसहा हजार लोकांनी आपले उत्तर पेटीत टाकले. २०२१ साली टोकियो महानगराच्या सभेसाठी त्यांनी पुन्हा विचारले, तेव्हा उत्तर नाही असे आले. ते पडले. त्यानंतर २०२२ साली ते इबाराकी प्रांतातील एका सरकारी माध्यमिक शाळेचे उपमुख्याध्यापक झाले आणि २०२३ साली मुख्याध्यापक. उपमुख्याध्यापकाची जागा, हे शब्द कानी पडताच आम्ही नदीकडे पाहू लागलो.

दुपारी तीन वाजता आम्ही गेलो. अकरा मुले, सहासात आईबाप, आणि नाशिकहून आलेली एक आजी. गोष्ट अर्थातच बारा हेरांची. सुरुवातीलाच आम्ही म्हणालो, "ते बारा माणसे निघाले," आणि मागून एक बाई सहज म्हणाल्या, "ती बारा माणसे निघाली." मुले हसली. ज्याची भीती होती ते पहिल्याच वाक्यात झाले! कान तापले. पण खाली बसण्यास जागा नव्हती, म्हणून पुढे बोलत राहिलो.

टोळांचा भाग आला, तेव्हा एका लहानग्याने विचारले, "आजोबा, टोळ म्हणजे काय?" आम्ही म्हणालो, नाकतोड्यासारखा. कोणीतरी जपानी शब्द सांगितला, "बत्ता." तो मुलगा टुणकन उठून उभा राहिला. "बत्ता? पण बत्ता तर स्ट्राँग असतो! कामेन रायडर बत्ताच आहे!"

वाचकांसाठी सांगितले पाहिजे की, कामेन रायडर हा जपानी दूरदर्शनवर १९७१ पासून चालत आलेला मुखवटेवाला वीर आहे, आणि त्याचे मूळ रूप टोळावरून घेतलेले आहे. हे आम्हाला त्या दिवशी कळले. त्या देशात टोळ म्हटले की पोरांच्या डोळ्यांपुढे उंच उडी मारून दुष्टांना लाथेने लोळविणारा वीर उभा राहतो. तो मुलगा पुढे म्हणाला, "मग ते राक्षसच घाबरले असतील ना?"

आम्ही म्हणालो, "होय बाळा. घाबरले होते. पण हे कळायला आपल्या लोकांना चाळीस वर्षे लागली."

मग प्रश्न आलाच, यहूदी आणि मराठी हे कसे? नवगावच्या किनाऱ्यावर फुटलेले गलबत, तेलाचे घाणे, शनिवारी काम बंद म्हणून पडलेले शनिवार तेली हे नाव, हे सगळे सांगितले. नाशिकच्या आजी म्हणाल्या, "आमच्याकडे सोमवारी घाणा बंद ठेवणारे तेली होते बाई." निघताना ती चूक दुरुस्त करणारी बाई दाराशी आली आणि म्हणाली, "सर, पुढच्या रविवारी याल ना?" आमची नात तिच्या शेजारीच उभी होती, आणि आमच्याऐवजी तिनेच उत्तर देऊन टाकले.

आमच्या सिनेगॉगमध्ये हफ्तारा वाचण्यास कोण येतो, असे गाब्बाय विचारतात, तेव्हा चार माणसे पुस्तकात डोके घालतात. त्यांतल्या दोघांना तरी चांगले वाचता येते, हे आम्हाला ठाऊक आहे, कारण घरी वाचताना आम्ही ऐकले आहे. उच्चार चुकला तर लोक काय म्हणतील, असे ते म्हणतात. कोणते लोक? त्या वेळी उरलेले लोकही पुस्तकात डोके घालून, आपले नाव पुकारले जाऊ नये, याचीच तफिला करीत असतात! येत्या शेलाह लेखाच्या शब्बाथला राहाबची हफ्तारा आम्ही वाचणार आहोत. रेवदंड्याच्या 'र' सकट. पुढच्या शब्बाथसाठी गाब्बायांकडे जागा मोकळी आहे.

ओजिमाचा वर्ग अजून चालू आहे. आम्ही अश्दोदहून मोबाईलवर गोष्ट सांगतो. तेथे दुपारचे तीन, येथे उन्हाळ्यात सकाळचे नऊ. सध्या योनाची गोष्ट चालली आहे. तीन दिवस माशाच्या पोटात त्याने काय खाल्ले, असा प्रश्न त्या कामेन रायडरवाल्या मुलाने घातला आहे. आम्हाला उत्तर येत नाही. सौ. म्हणाल्या, "वाचकांना विचारा की." म्हणून विचारीत आहोत. रविवारच्या आत कळवावे.