भुईला भार?

‘खायला काळ आणि भुईला भार’ ही म्हण आपण सर्वांनीच लहानपणी ऐकली आहे. मे महिन्याच्या सुट्टीत दुपारी लोळत पडणाऱ्या मुलांना तर ती हमखास ऐकावी लागे. आपल्याकडे आळसाला कधीच माफी नव्हती. गीतेच्या चौदाव्या अध्यायात आळस आणि निद्रा यांची गणना तमोगुणात केली आहे, आणि समर्थांनी दासबोधात आळशी माणसावर चांगलेच कोरडे ओढले आहेत. परदेशी आलेली आपली पिढी याच शिकवणीवर इथवर पोहोचली. त्यामुळे दिवसभर काहीही न करणारा जीव समोर दिसला, की आपल्या मनात नकळत हिशेब सुरू होतो.

या उन्हाळ्यात तो हिशेब आमच्या मोतीच्या बाबतीत सुरू झाला. मोती आमचा १३ वर्षांचा लॅब्रॅडॉर. (नाव माझ्या हट्टाचे, मुलांना ‘मॅक्स’ हवे होते.) बाहेर टेक्ससचे १०० अंश फॅरनहाइटचे ऊन, आणि हा सकाळी स्वयंपाकघराच्या दाराशी गार फरशीवर जो आडवा होतो, तो संध्याकाळपर्यंत तिथेच. पोस्टमन आला तर एक कान हलतो. चेंडू टाकला तर ‘तूच टाकलास, तूच आण’ अशा नजरेने पाहतो. येणारे-जाणारे हसतात, “काय आळशी झालाय हो तुमचा कुत्रा!”

डॉक्टर म्हणून मला हा शब्द पटत नाही. कुत्र्याला आपल्यासारखा अंगभर घाम येत नाही; पंजांच्या तळव्यांना काय थोडा येतो तेवढाच. शरीरातली उष्णता बाहेर टाकण्याचा त्याचा मुख्य मार्ग म्हणजे जीभ बाहेर काढून धापा टाकणे. म्हाताऱ्या लॅब्रॅडॉरमध्ये स्वरयंत्राचे स्नायू लुळे पडण्याचा विकारही बराच आढळतो, मग हा मार्गही अरुंद होतो. अशा प्राण्याने भर दुपारी गार फरशीला पोट टेकून स्वस्थ पडणे हे शहाणपण आहे. शिवाय वय! कुत्र्याचे एक वर्ष म्हणजे माणसाची सात, हा ढोबळ हिशेब झाला. लॅब्रॅडॉरच्या डीएनएवरील रासायनिक खुणा तपासून २०२० साली एक सूत्र प्रसिद्ध झाले. त्यानुसार मोती साधारण ७२ वर्षांचा ठरतो.

मात्र ‘वय झालंय’ म्हणून सोडून देणेही तितकेच चूक. मुक्या प्राण्याची वेदना बहुधा आळसाच्या रूपानेच दिसते. उठताना मागचे पाय थरथरणे, जिना टाळणे, एकच सांधा चाटत राहणे, ही तिची लक्षणे. मोतीच्या खुब्यांचा संधिवात असाच सापडला. पशुवैद्य बाईंनी गोळ्या दिल्या आणि दोन आठवड्यांत तो संध्याकाळी फाटकापर्यंत जाऊ लागला. (जाता जाता सांगतो : आपल्या घरातली आयबुप्रोफेनची गोळी कुत्र्याला कधीही देऊ नका. त्याच्या पोटाला आणि मूत्रपिंडांना ती घातक असते.)

खरा प्रश्न त्यानंतर आला. डिसेंबरमध्ये पुण्याला घरचे लग्न. इतक्या म्हाताऱ्या, औषधावरच्या कुत्र्याला तीन आठवडे ठेवून घ्यायला कोणी तयार होईना. जेवणाच्या टेबलावर घरातलेच कोणी हळूच म्हणाले, “तसं आता त्याच्या जगण्यात उरलंय तरी काय?” अर्थ सगळ्यांना कळला. इथे त्यासाठी एक इंजेक्शन असते आणि त्याला ‘झोपवणे’ असे सौम्य नावही आहे.

माझी ८४ वर्षांची आई यंदा आमच्याकडे आहे. तिची खुर्ची मोतीच्या शेजारीच असते. ताटातली पोळी मोडता मोडता ती म्हणाली, “अरे, मग आम्ही दोघंही भुईला भारच की!” ती हसत होती. बाकी कोणी हसले नाही.

मला महाप्रस्थानिक पर्वातली कथा आठवली. पांडवांबरोबर हस्तिनापुराहून एक कुत्रा निघतो. द्रौपदी आणि चारही भाऊ वाटेत पडतात, तो मात्र शेवटपर्यंत येतो. स्वर्गात कुत्र्याला जागा नाही, असे इंद्र सांगतो. आश्रयाला आलेल्याला टाकून येणार नाही, असे युधिष्ठिर सांगतो. कुत्रा म्हणजे साक्षात धर्म, हे आपल्याला ठाऊक असते म्हणून आपण या कथेला परीक्षा समजतो. युधिष्ठिराला ते ठाऊक नव्हते. त्याच्या लेखी तो एक साधा कुत्रा होता, आणि त्या कुत्र्याने वाटेत काय काम केले? राखण नाही, शिकार नाही. तो नुसता बरोबर चालला. त्याचा उपयोग काय, हे युधिष्ठिर विचारतच नाही.

माणूस आणि कुत्रा यांना मी एका मापाने मोजत नाही. माणूस आपली इच्छा सांगू शकतो. कुत्र्याच्या वतीने आपल्यालाच ठरवावे लागते. म्हणून त्या इंजेक्शनला माझा सरसकट विरोध नाही. उद्या मोतीला श्वास घेता येईना, किंवा औषधांनी वेदना आवरेना, तर मी स्वतः त्याला घेऊन जाईन आणि त्याच्या डोक्यावर हात ठेवून बसेन. पण आम्हा डॉक्टरांना प्रत्येक उपचाराआधी एक प्रश्न विचारायची सवय असते : दुखणे नेमके कोणाचे? फरशी पुसून कंटाळलो ते आम्ही. लग्नाला जायचे आहे ते आम्हाला. मोती दोन वेळा जेवतो, हाक मारली की शेपूट फरशीवर आपटतो, आणि आई खुर्चीतून उठली की मान वर करून ती कुठे जाते ते पाहतो.

तिकिटे आता वेगवेगळी काढली आहेत. लग्नाला सौ. आणि मुले आईला घेऊन जातील. मी घरी राहीन. आईने मात्र आत्ताच बजावून ठेवले आहे, की थंडीत त्या फरशीवर मोतीसाठी तिची जुनी गोधडी घालायची.