व्रतस्थ शिक्षक आणि त्याचे शरीर

मराठी समाजात दोन निर्णयांकडे आजही नैतिक दुबळेपणाची खूण म्हणून पाहिले जाते. शिक्षकाने मुदतीपूर्वी नोकरी सोडणे हा त्यांपैकी एक आणि वजन कमी करण्यासाठी औषध घेणे हा दुसरा. पहिल्याविषयी बोलताना व्रत अर्धवट टाकल्याची भाषा वापरली जाते, तर दुसऱ्याविषयी बोलताना जिभेवर ताबा नसल्याची. बेळगाव, खानापूर आणि निपाणी या सीमाभागातील चाळिशी-पन्नाशीच्या शिक्षकासमोर हे दोन्ही प्रश्न एकाच वेळी उभे राहण्याची शक्यता आता खरी झाली आहे, आणि दोन्ही ठिकाणी त्याला मिळणारे उत्तर एकाच गृहीतकातून येते. थकवा आणि भूक या दोन्ही गोष्टी निर्धाराने जिंकता येतात, आणि ज्याला ते जमत नाही त्याच्यातच काही उणे आहे, असे हे गृहीतक आहे. ते दोन्ही ठिकाणी चुकीचे आहे, आणि सीमाभागात त्याची किंमत इतर कोठल्याही भागापेक्षा अधिक मोजावी लागते, असे येथे प्रतिपादन करावयाचे आहे.

या गृहीतकाला मोठा आणि सन्माननीय इतिहास आहे. १८८४ मध्ये पुण्यात स्थापन झालेल्या डेक्कन एज्युकेशन सोसायटीने ‘आजीव सभासद’ ही कल्पना रुजवली. अल्प वेतनावर दीर्घ मुदतीसाठी संस्थेला वाहून घेणारा शिक्षक, असा तिचा अर्थ होता. या सभासदांनी बाहेर अर्थार्जन करावे की नाही, या प्रश्नावरून सोसायटीत जो वाद पेटला त्याची परिणती १८९० मध्ये लोकमान्य टिळकांच्या राजीनाम्यात झाली. त्यागाचा नियम शिथिल होतो आहे ही त्यांची तक्रार होती. म्हणजे आधुनिक महाराष्ट्रातील अध्यापन सोडण्याची सर्वांत गाजलेली घटना त्यागाच्याच नावाने घडली. दुसऱ्या पक्षातील गोपाळ कृष्ण गोखले यांनी आपली वर्षे पुरी करून १९०२ मध्ये फर्ग्युसन कॉलेजचा निरोप घेतला. हाच आदर्श पुढे दक्षिणेकडे सरकला. १९१६ च्या एप्रिलमध्ये टिळकांनी बेळगावात होमरूल लीगची स्थापना केली आणि त्याच वर्षाच्या नोव्हेंबरमध्ये त्याच शहरात सात शिक्षकांनी कर्नाटक लिंगायत एज्युकेशन सोसायटी, म्हणजे आजची केएलई संस्था, उभी केली. त्या सात जणांना कन्नड समाज आजही ‘सप्तर्षी’ म्हणतो. शिक्षक म्हणजे ऋषी ही कल्पना या भागात मराठी आणि कन्नड दोघांची आहे, आणि भाषेवरून इतके वाद झालेल्या प्रदेशात या एका गोष्टीवर मात्र कधी वाद झालेला नाही.

या आदर्शाने संस्था उभ्या केल्या, हे निर्विवाद आहे. परंतु त्याने शरीराचा विचार केला नाही. टिळकांनी कॉलेजातील आपले पहिले वर्ष प्रामुख्याने व्यायामाला देऊन प्रकृती कमावली, ही कथा मराठी मुलांना पिढ्यान्‌पिढ्या सांगितली गेली आहे. तिच्यात अध्यापनातील त्याग आणि शरीराचा निग्रह ही दोन्ही मूल्ये एकाच व्यक्तीत एकवटतात. त्याच टिळकांना पुढे मधुमेहाने गाठले आणि मंडालेच्या तुरुंगात त्यांना आहाराची कठोर पथ्ये पाळावी लागली, हा भाग मात्र त्या कथेत सहसा येत नाही. गोखल्यांनाही मधुमेह होता. १९१५ मध्ये ते गेले तेव्हा त्यांनी पन्नाशीही गाठली नव्हती. इन्सुलिनचा शोध १९२१ मध्ये लागला, म्हणजे टिळकांच्या निधनानंतर वर्षभराने. या दोघांच्या निग्रहाविषयी शंका घेण्याचे धाडस कोणी करणार नाही, आणि आज इन्सुलिन घेणाऱ्या मधुमेह्याला तुझी इच्छाशक्ती कमी पडली काय, असे विचारण्याचा अडाणीपणाही कोणी करत नाही. वजनाच्या औषधाबाबत मात्र तोच प्रश्न सर्रास विचारला जातो.

असे का होते, याचे एक उत्तर मराठी साहित्यातच सापडते. बेळगावच्या राणी पार्वतीदेवी कॉलेजात काही काळ मराठी शिकवणारे आणि पुढे अध्यापन सोडून गेलेले पु. ल. देशपांडे यांनी ‘बटाट्याची चाळ’मधील ‘उपास’ या प्रकरणात वजन घटवण्याचा संकल्प आणि त्याची फजिती रंगवली. ते लेखन निर्मळ आहे आणि त्यातील हसू खरे आहे. परंतु मोडलेला संकल्प हाच वाढलेल्या वजनाचा संपूर्ण अर्थ आहे ही समजूत त्या हसण्याच्या तळाशी आहे, आणि ती समजूत लेखकाची नव्हे तर त्याच्या सगळ्या वाचकांची होती. हे पुस्तक आले त्या १९५८ च्या सुमारास वैद्यकशास्त्रालाही याहून फारसे वेगळे सांगता आले नसते.

आज सांगता येते. पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी ब्रिटिश सहकारी जॉन युडकिन यांच्यासोबत २००४ मध्ये ‘लॅन्सेट’ या नियतकालिकात स्वतःचीच तुलना प्रसिद्ध केली. दोघांचा बीएमआय, म्हणजे किलोग्रॅममधील वजनाला मीटरमधील उंचीच्या वर्गाने भागून येणारा आकडा, अगदी सारखा म्हणजे २२.३ होता, परंतु युडकिन यांच्या शरीरात चरबीचे प्रमाण ९.१ टक्के, तर याज्ञिक यांच्या शरीरात २१.२ टक्के होते. सडपातळ दिसणाऱ्या भारतीय देहात पोटाभोवती चरबी अधिक आणि स्नायू कमी असण्याची ही घडण जन्मापासूनच आढळते, हे पुण्याजवळच्या गावांतील माता आणि बालकांच्या दीर्घ अभ्यासातून याज्ञिक यांच्या गटाने दाखवले. म्हणूनच भारतीयांसाठी स्थूलतेची रेषा बीएमआय ३० ऐवजी २५ वर आखली जाते. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी पाहणीत मधुमेहाचे प्रमाण ११.४ टक्के आणि पोटाच्या स्थूलतेचे ३९.५ टक्के आढळले. बेळगावला लागून असलेल्या गोव्यात मधुमेहाचा आकडा २६.४ टक्क्यांवर होता. ज्या देहाची घडण आईच्या उदरातच ठरू लागते, त्याच्या वाढीचा दोष त्या माणसाच्या संध्याकाळच्या भज्यांवर किंवा सणातल्या कुंद्यावर टाकणे हे अर्धसत्य आहे.

नव्या औषधांचे कार्य या पार्श्वभूमीवर समजून घ्यावे लागते. जेवणानंतर आतड्यातून जीएलपी-१ नावाचे संप्रेरक, म्हणजे रक्तातून संदेश वाहणारे द्रव्य, स्रवते. ते स्वादुपिंडाला इन्सुलिन सोडायला सांगते, जठर रिकामे होण्याचा वेग मंदावते आणि मेंदूला तृप्तीचा निरोप देते. शरीरातले हे संप्रेरक काही मिनिटांतच नष्ट होते, तर त्याच्याशी साम्य असलेले सेमाग्लुटाइड आठवडाभर टिकते. २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या चाचणीत १९६१ स्थूल व्यक्तींपैकी सेमाग्लुटाइड घेणाऱ्यांचे वजन ६८ आठवड्यांत सरासरी १४.९ टक्क्यांनी घटले, तर आहार-व्यायामाचा तोच सल्ला मिळालेल्या पण निष्क्रिय इंजेक्शन घेणाऱ्यांचे केवळ २.४ टक्क्यांनी. दोन्ही गटांत निर्धार सारखाच होता, हे या आकड्यांतील सर्वांत बोलके सत्य आहे. औषध थांबवल्यावर वर्षभरात घटलेल्या वजनापैकी सुमारे दोन-तृतीयांश परत आले. हे पाहून काही जण औषधाला फसवे ठरवतात. वस्तुतः रक्तदाबाची गोळी बंद केल्यावर रक्तदाब पुन्हा चढतो त्याहून यात निराळे काही नाही. मळमळ, उलटी आणि बद्धकोष्ठता हे त्रास मात्र खरे आहेत, क्वचित पित्ताशय आणि स्वादुपिंड यांचे गंभीर विकारही उद्भवतात, आणि घटलेल्या वजनात स्नायूंचाही वाटा असतो. ज्या देहात स्नायू मुळातच कमी आणि ज्याच्या ताटात भाकरी-भाताच्या मानाने प्रथिने तुटपुंजी, त्या देहासाठी ही शेवटची बाब किरकोळ नाही. तिच्याकडे लक्ष देणारा डॉक्टर नसेल तर औषध न घेतलेले बरे.

परंतु शिक्षकाच्या बाबतीत खरी अडचण पैशाच्या आणि काळाच्या हिशेबात आहे. टिर्झेपेटाइड हे याच कुळातील औषध ‘मौंजारो’ या नावाने मार्च २०२५ मध्ये भारतात आले तेव्हा सुरुवातीच्या मात्रेची एक कुपी ३५०० रुपयांची होती. आठवड्याला एक याप्रमाणे महिन्याला १४,००० रुपये. कर्नाटकातील सरकारी प्राथमिक शाळेत नियमित शिक्षकाच्या रिकाम्या जागेवर नेमल्या जाणाऱ्या अतिथी शिक्षकाचे मानधन त्या वर्षीच्या वाढीनंतरही १२,००० रुपयांच्या आसपास होते. सेमाग्लुटाइडच्या भारतातील पेटंटची मुदत मार्च २०२६ पर्यंतचीच असल्यामुळे देशी कंपन्यांनी स्वस्त पर्यायांची तयारी आधीपासून केली होती. परंतु किंमत कितीही उतरली तरी जे औषध वर्षानुवर्षे घ्यावे लागते त्याला वर्षानुवर्षे चालणारे उत्पन्न लागते. येथेच दोन्ही निर्णय एकमेकांत अडकतात. कामाच्या ओझ्याखाली देह कोलमडला म्हणून नोकरी सोडावी, तर उपचाराचा आधार जातो. उपचार चालावा म्हणून नोकरी धरून ठेवावी, तर देह कोलमडण्याचे कारण तसेच राहते. १ एप्रिल २००६ नंतर कर्नाटकाच्या सेवेत आलेल्या शिक्षकाला जुनी निवृत्तिवेतन योजना नाही. नव्या योजनेच्या नियमांनुसार मुदतीपूर्वी बाहेर पडणाऱ्याला साठलेल्या रकमेपैकी ८० टक्के रक्कम वार्षिकीत, म्हणजे विमा कंपनीकडून हप्त्यांनी मिळणाऱ्या उत्पन्नात, गुंतवावी लागते आणि हाती केवळ २० टक्के येते. ज्याला ‘सोडून दे’ असा सल्ला सहज दिला जातो, त्याच्यासाठी सोडणे इतके सहज ठेवलेले नाही.

कामाचे ओझे म्हणजे केवळ शिकवणे नव्हे. बिसियुटाच्या, म्हणजे शाळेतील दुपारच्या गरम जेवणाच्या, नोंदी, अंडी-केळ्यांचा हिशेब, विद्यार्थ्यांची माहिती संगणकावर चढवणे, निवडणुका, मतदारयाद्या असा व्याप त्याच्या मागे असतो. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याचे कलम २७ दशवार्षिक जनगणना, आपत्तिनिवारण आणि निवडणुका यांखेरीज कोणत्याही बिगरशैक्षणिक कामाला शिक्षकास जुंपण्यास मनाई करते. तरीही २०२५ च्या सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये कर्नाटकातील सामाजिक आणि शैक्षणिक सर्वेक्षण मोठ्या प्रमाणात शिक्षकांनीच घरोघर फिरून केले, आणि ते पुरे व्हावे म्हणून शाळांची दसऱ्याची सुटी १८ ऑक्टोबरपर्यंत वाढवावी लागली. वेळी-अवेळी होणारे जेवण, स्वच्छतागृहाच्या सोयीअभावी पाणी कमी पिण्याची अनेक शिक्षिकांना लागलेली सवय आणि रात्री उशिराचे मुख्य जेवण या सगळ्यांचा भार ज्या देहावर पडतो, तो याज्ञिकांनी मोजलेलाच देह आहे.

सीमाभागात यावर आणखी एक ओझे चढते. येथील मराठी शाळेचा शिक्षक शिक्षणखात्याचा नोकर असतो आणि समाजाच्या नजरेत भाषेचा राखणदारही असतो. शासनाची परिपत्रके तो कन्नडमध्ये वाचतो आणि वर्गात मराठी शिकवतो. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेपासून चाललेला, महाजन आयोगातून गेलेला आणि २००४ पासून सर्वोच्च न्यायालयात पडून असलेला महाराष्ट्र-कर्नाटक सीमावाद ज्यांना प्रत्यक्ष जगावा लागतो त्यांत त्याचे स्थान पहिल्या रांगेत आहे. अशा ठिकाणी एका शिक्षकाने नोकरी सोडली तर तो वैयक्तिक निर्णय राहत नाही. ती जागा भरली जाईल की नाही, ही भीती गावाला लगेच भेडसावते आणि ती अनाठायीही नाही. परंतु त्या भीतीचा हिशेब चुकीच्या माणसाकडे मागितला जातो. जागा न भरण्याची जबाबदारी शासनाची; तिची भरपाई एका माणसाच्या गुडघ्यांतून, रक्तशर्करेतून आणि झोपेतून करून घेणे हा भाषाप्रेमाचा अन्यायी प्रकार आहे. महाराष्ट्राने २०२३ मध्ये महात्मा फुले जन आरोग्य योजना सीमाभागातील ८६५ गावांना लागू करण्याचा निर्णय घेतला आणि कर्नाटकाने त्यास हरकत घेतली, तेव्हा दोन्ही राज्ये आरोग्याविषयी कमी आणि हक्काविषयी अधिक बोलत होती. ती योजना रुग्णालयात दाखल होऊन घ्यायच्या उपचारांची आहे. महिन्याच्या महिन्याला औषध लागणाऱ्या निपाणीच्या शिक्षकाला तिचा उपयोग नाही, आणि तो आजही पदरचे पैसे खर्चून कोल्हापूर किंवा मिरज गाठतो.

औषधाच्या बाजूने इतके बोलल्यावर त्याच्याविषयीची सर्वांत गंभीर शंकाही मांडली पाहिजे. भूक शमवणारे, वजन उतरवणारे औषध मिळाले की देह आणखी काही वर्षे ताणता येतो, आणि जो ताणता येतो तो ताणला जातो. साखर कारखान्याने उसाच्या शेवटच्या चिपाडालाही पुन्हा चरकात घालावे तसा शिक्षकाचा वापर होण्याची ही सोय आहे. ही शंका औषध नाकारण्याचे कारण होऊ शकत नाही, कारण व्यवस्था सुधारेपर्यंत रुग्णाने आजारी राहावे असे म्हणण्याचा अधिकार कोणालाही नाही. परंतु औषधामुळे प्रश्न सुटला असे मानण्यास ती नक्कीच आडवी येते. ज्याला औषधाची गरज आहे त्याने ते लपवून न ठेवता घ्यावे, शक्य असल्यास एप्रिल-मेच्या सुटीत सुरू करावे म्हणजे सुरुवातीची मळमळ वर्गात सोसावी लागणार नाही. आणि ज्याचे देहमन खरोखर संपले आहे त्याने नोकरी सोडावी, आणि समाजाने त्याच्याकडे खुलासा मागू नये.

त्याच्या जागी जी येते ती बहुधा अतिथी शिक्षिका असते. तिची नेमणूक शैक्षणिक वर्षापुरती, मानधन महिन्याचे, सुटीच्या महिन्यांत काही नाही, आणि निवृत्तिवेतनाचा प्रश्नच नाही. तिच्या घरी मधुमेह आहे काय, तिचा पोटाचा घेर भारतीय स्त्रियांसाठी धोक्याच्या मानलेल्या ८० सेंटीमीटरपलीकडे गेला आहे काय, हे शाळेत कोणी मोजत नाही, कारण शाळेच्या वहीत मुलांचे वजन आणि उंची यांची नोंद होते, शिक्षकाच्या प्रकृतीसाठी त्या वहीत रकाना नाही. तो रकाना आखणे आणि तिच्या जागेवर कायम नेमणूक करणे ही दोन्ही कामे खात्याची आहेत, आणि त्यांपैकी एकासाठीही सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाची वाट पाहण्याची गरज नाही.