एक वेत होऊ दे

(बदनावर. आत्याच्या पावणेदोन किलोच्या पॉमेरेनियन कुत्रीवरून आत्या आणि महूच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयात शिकून आलेला तिचा भाचा यांच्यातलं बोलणं.)

आत्या : दोन वर्षांची झाली ती. आता माजावर आली की एक वेत होऊ द्यावं म्हणते. आई होण्याचं सुख तिला का नाकारायचं?

भाचा : ते सुख तिला हवंय, हे कुणी सांगितलं? माज शरीराला येतो. पुढचे ६३ दिवस तिला ठाऊक नसतात, आपल्याला असतात.

आत्या : कुत्र्या डॉक्टरला विचारून वितात का? गल्लीतलीनं परवा नाल्याकाठी सहा पिल्लं दिली.

भाचा : तिचं अंग कुणी मुद्दाम घडवलेलं नाही. हिचं घडवलंय. एवढ्याशा कुत्रीच्या पोटात बहुधा एक-दोनच पिल्लं असतात, आणि एकटं पिल्लू जास्त पोसतं. डोकं गोल नि मोठं, आईची कटी अरुंद. अर्धा तास जोरात कळा देऊनही पिल्लू आलं नाही, तर लगेच दवाखाना गाठावा लागतो, बरेचदा सिझरही करावं लागतं. रात्री दोन वाजता गाडी कुठे वळवशील, रतलामला की इंदूरला? व्याल्यावरही सुटका नाही. दुधाबरोबर रक्तातलं कॅल्शियम घटतं, आकडी येते. वेळेवर औषध मिळालं नाही तर जीव जातो.

आत्या : म्हणजे अडचण दवाखान्याची. मी तिला आधीच इंदूरला नेऊन ठेवते. पंचावन्न दिवस उलटले की एक्स-रे काढू, सिझरची तारीख ठरवू. मग तर झालं?

भाचा : जोखीम कमी होईल. पण ती कुणासाठी घ्यायची, हा प्रश्न उरेलच.

आत्या : आणि गाईंचं काय रे? मालवी गाई होल्स्टीनच्या रेतानं भरवतोस. वासरू मोठं निघालं की गाय अडते, मग तूच बाह्या सरसावून ओढतोस. तिला विचारतोस?

भाचा : नाही विचारत. तेवढं माझ्या माथी आहेच. पण कालवड भरवताना आम्ही वयाआधी वजन बघतो. कमी असलं तर थांबतो, कारण ती वाढणार असते. तुझी कुत्री वाढून झाली. दुसरं म्हणजे, गाईकडून आपल्याला दूध हवं असतं. तिचं अडणं कुणालाच नको असतं. इथे लहानपणच हवंय. ‘टीकप’ म्हणून त्यालाच जास्त भाव मिळतो, आणि तेच जिवावर उठतं.

आत्या : कायदा काही म्हणत नाही का?

भाचा : पैदास करणाऱ्यांसाठी २०१७चे केंद्राचे नियम आहेत. कुत्री १८ महिन्यांची हवी, निरोगी असल्याचा डॉक्टरचा दाखला हवा. उद्या तो दाखला तू माझ्याकडेच मागशील. काय लिहू? निरोगी तर ती आहेच. लहान असणं हा काही आजार नाही.

आत्या : मग पिशवी काढ म्हणशील. तेही तिला न विचारताच. भूल तीच, सुरी तीच.

भाचा : खरंय. इतका छोटा देह भुलीत लवकर थंड पडतो, धोका आहेच. पण पिशवी काढली की पुढे तिच्यात पू होण्याचं भय जातं. ती जोखीम तिच्यासाठी घेतलेली. वेताची जोखीम पिल्लं मागणाऱ्यांसाठी.

आत्या : आणि गल्लीतला कुत्रा फाटकातून शिरला तर, ही माझी धास्ती जाते, ते? तेही तुझ्या हिशोबात धर.

भाचा : धरतो. आपला स्वार्थ अजिबात नाही असा निर्णय मला तरी सापडलेला नाही. त्यात तिचाही काही फायदा आहे का, एवढं मात्र बघता येतं. वेतात मला तो दिसत नाही.

आत्या : वेत नको, हे पटलं. ऑपरेशनचं अजून नाही. पण चार जणांना पिल्लू कबूल करून बसलेय, त्यांना काय सांगू?

भाचा : पिल्लू कुठूनही घ्या म्हणावं. पण ते किती लहान राहील हे विचारण्याआधी त्याची आई दाखवायला सांगा, आणि तिचं वजन विचारा.